६/६ दिसतं, तरी दिवेलागणीनंतर पायरी का चुकते? – वय, अंधुक उजेड आणि कडेची नजर

पारसिककडा (धागाकर्ता)

दवाखान्यातल्या तक्त्यावर शेवटची ओळ घडाघडा वाचणारी साठी-सत्तरीची माणसं संध्याकाळनंतर जिन्याची पायरी चुकवतात. रिक्षातून उतरताना फूटपाथची कड हुकते. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर डावीकडून येणारा सायकलवाला अगदी अंगावर आल्यावर दिसतो. घरचे म्हणतात, "लक्ष कुठे असतं तुमचं?" लक्षाचा वाटा आहेच, पण मुख्य गोष्ट डोळ्यात घडते आणि नेहमीच्या तपासणीत ती सापडत नाही.

कारण साधं आहे. तक्ता नजरेचा अगदी मधला, एक-दोन अंशांचा भाग तपासतो. तोही पांढऱ्यावर काळ्याकुट्ट अक्षरांनी, भरपूर उजेडात. संध्याकाळच्या जिन्यात तिन्ही अटी उलट्या होतात. पायरी नजरेच्या मध्यात नसते, खालच्या कडेला असते. करड्यावर करडं असतं. आणि उजेड जेमतेम.

आता वयाबरोबर काय बदलतं ते. अंधारात विशीतली बाहुली ७ मि.मी.च्या आसपास उघडते, ऐंशीला ती ५ किंवा त्याहून कमीवर अडते. आत येणारा उजेड क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे ७ आणि ५ मधला फरक म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड गेला. त्यात डोळ्यातलं भिंग जाड आणि पिवळसर होतं, निळा-हिरवा भाग गाळतं. दोन्ही धरून साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो.

पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी. शंकूपेशी रंग आणि बारकाव्यासाठी, मध्यभागी दाटीने. दंडपेशी अंधारासाठी; त्या अगदी मध्यभागी नसतातच, मध्यापासून १५ ते २० अंशांवर त्यांची गर्दी सर्वात जास्त. वयाबरोबर मधल्या शंकूपेशी बऱ्याच टिकतात (म्हणून ६/६ टिकतं), पण मध्याच्या भोवतालच्या कड्यातल्या दंडपेशी म्हातारपणापर्यंत सुमारे ३० टक्के कमी होतात. उरलेल्यांचाही वेग मंदावतो. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशींतलं रंगद्रव्य पुन्हा तयार व्हावं लागतं, त्यासाठी अ जीवनसत्त्वाचा पुरवठा पडद्यामागच्या थरातून होतो. हा थर वयाबरोबर जाडावतो, पुरवठा रेंगाळतो. सत्तरीतल्या माणसाला अंधाराला सरावायला विशीतल्यापेक्षा दहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. एरवी चांगल्या डोळ्यालाही पूर्ण सराव व्हायला ३० ते ४० मिनिटं लागतात, हे लक्षात घ्या.

जिने, रस्ते, चष्मे यावर ज्यांचं काम आहे त्यांनी भर घालावी.

---

मासुंदाकाठ

माहिती चांगली आहे, पण हा सगळा मोतीबिंदूचा प्रकार नाही का? ऑपरेशन केलं की विषय संपला.

---

पारसिककडा

@मासुंदाकाठ, अर्धा विषय संपतो. पिकलेलं भिंग काढलं की उजेड जास्त पोचतो आणि डोळ्यात विखुरणारा प्रकाश कमी होतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास बराच उतरतो. पण बाहुली तितकीच राहते, दंडपेशी परत येत नाहीत, सरावाचा वेग सुधारत नाही. भिंग आणि बाहुली यांचा हिशोब वजा करून मोजलं तरी अंधारातल्या संवेदनक्षमतेतली घट उरतेच.

आणि एक. ऑपरेशनच्या वेळी 'चष्मा अजिबात नको' म्हणून मल्टिफोकल भिंग बसवून घेतात. ते येणारा उजेड दूर आणि जवळ असा वाटून टाकतं, त्यामुळे कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद यांतला फरक) थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. ज्याला रात्री गाडी चालवायची आहे किंवा पडद्याचा काही आजार आहे, त्याने साध्या मोनोफोकल (एकाच अंतराच्या) भिंगाचा पर्याय डॉक्टरांशी आवर्जून बोलावा.

---

सेक्टर_सतरा

वाशीतली जुनी सिडको पद्धतीची सोसायटी, तळमजला अधिक सात. जिना कोटा फरशीचा, पॉलिश केलेला, प्रत्येक पायरीच्या कडेला तीन खाचा. वळणावर भिंतीत ९ वॅटचा उघडा एलईडी बल्ब, बरोबर नजरेच्या उंचीवर. ज्येष्ठ मंडळींची तक्रार आल्यावर कमिटीत ठराव आलाय की ९ चे काढून १८ वॅटचे लावू. करावं का?

---

उजेडमाप

@सेक्टर_सतरा, ठराव थांबवा. आकड्यांत दाखवतो.

पायरीवर २० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतात असं धरू. कोटा साधारण २५ टक्के प्रकाश परत फेकतो. लक्स गुणिले परावर्तन, भागिले ३.१४ केलं की पृष्ठभागाची चमक मिळते: १.६ कँडेला प्रति चौ.मी. खालची पायरी थोडी मळकी, २२ टक्के धरा: १.४. उतरताना नजरेला पायरीची उभी बाजू दिसतच नाही, वरच्या पायरीची कड खालच्या पायरीच्या पार्श्वभूमीवर दिसते. म्हणजे कोट्यावर कोटा. कॉन्ट्रास्ट म्हणजे फरक भागिले बेरीज: ०.२ ÷ ३.० = साडेसहा टक्क्यांच्या आसपास. मुळातच दरिद्री.

आता उघडा बल्ब. ९ वॅट म्हणजे ९०० च्या आसपास ल्युमेन, डोळ्याच्या दिशेने १०० कँडेला धरा. तीन मीटरवरून डोळ्यावर ११ लक्स पडतात. बल्ब नजरेच्या रेषेपासून १० अंशांवर असेल तर डोळ्याच्या आत विखुरलेल्या प्रकाशाचा जो धूसर पडदा तयार होतो त्याचं सूत्र आहे: १० × लक्स ÷ अंशांचा वर्ग × (१ + (वय/७०) चा चौथा घात). पंचविशीत १.१ येतं. सत्तरीत बरोबर दुप्पट, २.२. ऐंशीला सुमारे ३.

हा पडदा उजळ आणि गडद दोन्ही भागांवर सारखा चढतो. म्हणजे सत्तरीत ०.२ ÷ (३.० + ४.४) = २.७ टक्के. साडेसहाचे पावणेतीन! पंचविशीतल्या माणसाला त्याच जिन्यात ३.८ मिळतात, म्हणून कमिटीतल्या तरुण मेंबरला तक्रार समजत नाही.

बल्ब १८ वॅटचा केला तर? पायरीची चमक दुप्पट, पडदाही दुप्पट. टक्केवारी जिथल्या तिथे. बाहुली थोडी आणखी आकसेल आणि वीजबिल वाढेल, एवढंच.

त्याऐवजी कडेवर ७५ टक्के परावर्तनाची फिकट पट्टी मारा. तिची चमक ४.८. पडद्याशिवाय कॉन्ट्रास्ट ५० टक्के, तो उघडा बल्ब तसाच ठेवूनही सत्तरीत ३० टक्के. एका पट्टीने दहापट. बल्ब झाकलात तर त्याहून चांगलं.

---

तिसरामजला

+१. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे गणित फळ्यावर मांडलं पाहिजे. निम्मे लोक चहाला उठतील ते वेगळं.

---

पारसिककडा

उजेडमाप यांच्या गणितात एक भर. उजेड बदलू नका असा त्याचा अर्थ नाही. १.६ कँडेला हा संधिप्रकाशाचा पट्टा आहे, तिथे शंकू आणि दंड दोन्ही अर्धवट काम करतात. त्यात ज्येष्ठ डोळ्याला एक तृतीयांशच मिळतो. कॉन्ट्रास्ट तोच राहिला तरी एकूण उजेड वाढला की कमी कॉन्ट्रास्ट ओळखण्याची डोळ्याची ताकद वाढते. अट एवढीच, की तो उजेड पायरीवर पडावा, डोळ्यात नाही.

त्या तीन खाचांबद्दल. नजरेच्या मध्यापासून २० अंशांवर दृष्टीची तीक्ष्णता मध्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी असते, म्हणजे साधारण ६/६०. ही भरपूर उजेडातली गोष्ट. अंधुक उजेडात त्याहून कमी. ५ मि.मी.ची खाच किंवा पितळी पट्टी दीड मीटरवरून जेमतेम ११-१२ मिनिटांचा कोन करते. कडेच्या नजरेला ती असून नसून सारखी. ५० मि.मी.ची पट्टी जवळजवळ दोन अंश भरते. कडेच्या नजरेला बारीक रेघ नको, जाडजूड ठोकळा हवा.

---

सेक्टर_सतरा

पटलं. मग पट्टी कशाची? हार्डवेअरवाला 'रेडियम' पट्टी घ्या म्हणतो, अंधारात चमकते.

---

उजेडमाप

रेडियम जिन्यात निरुपयोगी. ती उजेड आला त्याच दिशेने परत पाठवते. गाडीच्या हेडलाइटजवळ डोळा असतो म्हणून रस्त्यावर ती पेटल्यासारखी दिसते. जिन्यात दिवा छतावर आणि डोळा भलतीकडे, त्यामुळे पट्टी करडी दिसते. अंधारात हिरवट चमकणारी दुसरी जात असते, ती दिवे गेल्यावर बाहेर पडण्यासाठी. तिची चमक पहिल्या काही मिनिटांतच झपाट्याने उतरते. रोजच्या वापराला तिच्यावर विसंबू नका.

रंग. कोट्यावर पिवळा किंवा फिकट क्रीम. लाल ऑक्साइड चुकूनही नको. दिवसा तो कोट्यावर उठून दिसतो, पण तो फरक रंगाचा असतो, उजळपणाचा नाही. दंडपेशींना ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वात जास्त दिसतं, लाल जवळजवळ काळा. संध्याकाळी लाल पट्टी करड्यात विरून जाते. उलट पायऱ्या पांढऱ्या मार्बलच्या असतील तर पिवळं चालणार नाही, तिथे गडद पट्टी. खात्री करायची असेल तर मोबाइलमध्ये कृष्णधवल फिल्टर लावून संध्याकाळी फोटो काढा. त्यात जे ठळक दिसतं तेच ठेवा. (लाल रंग डोळ्याला त्या फोटोपेक्षाही गडद दिसेल.)

काम असं करा. साधा ऑइलपेंट पॉलिश कोट्यावर धरत नाही, पावसाळ्यात पापुद्रे निघतात. दोन भागांचा इपॉक्सी फ्लोअर पेंट घ्या. आधी साबणाने तेलकटपणा काढा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ५० मि.मी.चा पट्टा खरवडून चमक घालवा, धूळ पुसा, पूर्ण वाळू द्या. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. पहिला हात ओला असतानाच त्यावर बारीक सिलिका वाळू भुरभुरा, नाहीतर पट्टीच घसरगुंडी होईल. दुसरे दिवशी सुटी वाळू झाडून दुसरा हात.

माल किती? १.२ मीटर रुंद पायरीला ०.०६ चौ.मी. एका मजल्याला २० पायऱ्या, सात मजले म्हणजे १४०: ८.४ चौ.मी. दोन हात, लिटरला ८ चौ.मी. धरून २.१ लिटर. वाया जाणारं धरून ३ लिटर आणा. एकदम सगळं कालवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कालवलेला इपॉक्सी अर्ध्या-पाऊण तासात डब्यातच घट्ट व्हायला लागतो, अर्धा-अर्धा लिटर कालवा. पट्टी थेट कडेपासून सुरू व्हायला हवी. कडेपासून दोन इंच आत मारली की पाय तिलाच पायरीची कड समजतो, म्हणजे नसलेल्यापेक्षा वाईट. आणि एक पायरी सोडून एक रंगवण्याची शक्कल रंगारी सुचवेल, ती ऐकू नका. ज्येष्ठांना दोन पायऱ्यांची ढांग टाकायला लावणं हा जुगार आहे. लिफ्ट चालू ठेवून एका रात्री एक मजला.

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका, दमटपणात इपॉक्सी पांढरट पडतो आणि सुटतो.

---

फिजिओताई

पट्ट्यांबद्दल एक आग्रह. सगळ्या पायऱ्यांना मारा, फक्त पहिल्या-शेवटच्या नको. आणि जिथे मोकळी सपाट जागा आहे तिथे शोभेला तशीच पट्टी ओढू नका, पाय खाली शोधतो आणि माणूस अडखळतो. तीच गोष्ट लॉबीतल्या काळ्या ग्रॅनाइटच्या आडव्या डिझाइनची. अंधुक उजेडात ती पायरी वाटते.

कठड्यालाही कॉन्ट्रास्ट द्या. स्टीलचा चकचकीत पाइप फिकट भिंतीवर दिसत नाही. गडद पीव्हीसी आवरण चढवा, आणि कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे ३०० मि.मी. तरी जाऊ द्या. हात संपला म्हणजे जिना संपला असं शरीर धरून चालतं.

---

उजेडमाप

दिव्यांचं राहिलं. नजरेच्या उंचीवरचे उघडे बल्ब काढा. छताला दुधी झाकणाची १८-२० वॅटची बॅटन, पायरीवर १०० लक्स मिळतील अशी. ज्येष्ठ जास्त असतील तर १५०. मोजायला लक्समीटर भाड्याने किंवा इलेक्ट्रिशियनकडून मिळतो. मोबाइलचं ॲप दोन जागांची तुलना करायला ठीक, खरा आकडा म्हणून नको.

रंगतापमान (दिवा पिवळट की निळसर पांढरा ते) ४००० केल्विन. ६५०० मध्ये दंडपेशींना भावणारा निळा-हिरवा भाग जास्त असतो हे कागदावर खरं, पण पिवळं भिंग तोच भाग गाळतं. तेव्हा ज्येष्ठांना तो फायदा कागदावर दिसतो तेवढा मिळत नाही. ३००० ते ४००० मध्ये राहा.

सेन्सर. सोसायट्यांत ३० सेकंदांवर लावलेले असतात. गुडघे दुखणारा माणूस दोन मजल्यांमध्ये असताना दिवा जातो आणि त्या क्षणी त्याचा डोळा उजेडाला सरावलेला असतो. त्याच्यापुरता तो पूर्ण काळोख. वेळ निदान तीन मिनिटं ठेवा. पैसे असतील तर २० टक्क्यांवर मंद राहून हालचालीवर पूर्ण पेटणारे मायक्रोवेव्ह सेन्सर घ्या. त्यात पूर्ण अंधार कधीच होत नाही.

---

काचवाला

चष्म्याची बाजू मांडतो, कारण पडण्याच्या प्रकरणात प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल (दूरचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेले) हे गुप्त आरोपी आहेत.

+२.५० ची वाचनाची ताकद भिंगाच्या खालच्या भागात असते. ती ४० सें.मी.वर स्पष्ट दाखवते. पायरी असते दीड मीटरवर. जिना उतरताना नजर भिंगाच्या नेमक्या त्याच भागातून जाते, म्हणजे आधीच दुबळी असलेली कडेची नजर आणखी धूसर केली. प्रोग्रेसिव्हमध्ये दोन्ही बाजूंना वेडंवाकडं दिसणारा पट्टाही असतो. ऑस्ट्रेलियात ज्येष्ठांवर झालेल्या एका चाचणीत बाहेर चालताना वापरायला फक्त दूरच्या नंबरचा चष्मा दिला. नियमित बाहेर फिरणाऱ्यांचं पडणं कमी झालं. पण जे क्वचित बाहेर पडतात त्यांचं बाहेरचं पडणं उलट वाढलं, चष्म्यांच्या अदलाबदलीचा गोंधळ बहुधा. म्हणून सरसकट सल्ला नाही. रोज तलावपाळीला किंवा उपवनला फेरी मारणाऱ्याने दूरचा वेगळा चष्मा करावा. दिवसभर घरात असणाऱ्याने आहे तोच ठेवावा आणि जिन्यात हनुवटी खाली घेऊन भिंगाच्या वरच्या भागातून पाहायची सवय लावावी.

कोटिंग. साध्या प्लास्टिक भिंगाचा प्रत्येक पृष्ठभाग ४ टक्के उजेड परत फेकतो, दोन्ही मिळून ८. पातळ, १.६७ इंडेक्सच्या भिंगात १२ पर्यंत. अँटिरिफ्लेक्शन कोटिंग असेल तर हा उजेड आत येतो आणि मागून येणाऱ्या दिव्यांच्या भुताटकी प्रतिमाही जातात. मात्र कोटिंगला ओरखडे पडलेत, तेलकट बोटं लागलीत, तर सगळा फायदा पाण्यात. ओरखडे म्हणजे विखुरणं, आणि विखुरणं म्हणजे उजेडमाप यांचा तो धूसर पडदा. हेल्मेटच्या व्हायझरलाही हेच लागू. दोन पावसाळे काढलेला व्हायझर बदला, शंभर-दोनशे रुपयांसाठी जीव टांगू नका. शर्टाच्या टोकाने कोरडा पुसणं बंद. आधी पाण्याने धूळ वाहू द्या.

---

मासुंदाकाठ

आणि रात्रीच्या ड्रायव्हिंगचे पिवळे चष्मे? प्रत्येक सिग्नलला विकायला येतात. घातल्यावर झक्क दिसतं असं बरेच जण सांगतात.

---

काचवाला

झक्क वाटतं, दिसत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिम्युलेटरवर, समोरून हेडलाइट येत असताना, पिवळ्या काचा लावून पादचारी ओळखायला लावले. काही फायदा आढळला नाही. पिवळी काच उजेड गाळते, आणि ज्येष्ठांचं भिंग निसर्गानेच पिवळं केलेलं आहे. वर दुसरं पिवळं कशाला? रात्री फोटोक्रोमॅटिक (उन्हात आपोआप गडद होणारी) काच चालेल, ती अंधारात जवळजवळ स्वच्छ होते. कायमची टिंट नको.

गाडीच्या काचांचंही तेच. नियमाप्रमाणे समोरच्या काचेतून किमान ७० आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा. बाजूची काच म्हणजे कडेच्या नजरेचीच काच. पन्नास टक्क्यांची काच आणि एक तृतीयांशचा डोळा, गुणाकार तुम्हीच करा. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकची वाफ साचून तेलकट थर बसतो. दिवसा कळत नाही, रात्री समोरचा दिवा आला की सगळी काच पांढरी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, मायक्रोफायबर कापड, महिन्यातून एकदा. आत फिल्म किंवा कोटिंग असेल तर अल्कोहोल वापरू नका.

---

तिसरामजला

लायसन्स रिन्यू करताना हे तपासत नाहीत का?

---

पारसिककडा

नाही. फॉर्म १ मधला प्रश्न असा, की २५ मीटरवरून चांगल्या दिवसाच्या उजेडात गाडीची नंबरप्लेट दिसते का. रातांधळेपणाबद्दल विचारतात, पण उत्तर अर्जदारच देतो. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यातही अंधारातली कडेची नजर मोजायचं साधन कुठून येणार?

मोजायचंच असेल तर काय काय आहे ते सांगतो. पेली-रॉबसन तक्ता: अक्षरं एकाच आकाराची, तीन-तीनच्या गटांनी फिकी होत जातात, एक मीटरवरून वाचायची. साठीपुढे १.६५ च्या आसपास गुण चांगले, १.५ च्या खाली गेले तर दखल घ्यावी. मात्र हाही उजेडातला आणि मधल्या नजरेचा. काचबिंदूसाठी करतात ती फील्ड टेस्ट कडेकडे जाते, पण नेहमीची २४-२ चाचणी बहुतेक दिशांना २४ अंशांपर्यंतच, आणि पार्श्वभूमी १० कँडेलाची. वरच्या जिन्याच्या सहापट उजळ. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि अंधारात त्रास होतोय, या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत. डॉक्टरांना 'कमी दिसतं' असं मोघम न सांगता 'संध्याकाळी सातनंतर जिना उतरताना कड दिसत नाही, उजेडातून आत आल्यावर पंधरा मिनिटं चाचपडतो' असं सांगा. त्यावरून ते कुठे पाहायचं ठरवतात.

वयाच्या नावावर खपवू नये असं काय? एकाच डोळ्यात किंवा एकाच बाजूला कमी दिसणं. काही आठवड्यांत झपाट्याने वाढणं. विजा चमकल्यासारखं किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. घरात काचबिंदू असेल तर. मधुमेह असेल तर. पडद्यावर कडेने लेझर झालेलं असेल तर रात्रीची कडेची नजर त्यामुळेही घटते. अंधाराला सरावायला फारच वेळ लागणं हे पडद्याच्या मध्यभागाच्या वयोमानानुसारच्या आजाराचं लवकरचं लक्षण असू शकतं. पायलोकार्पिनसारखे थेंब बाहुली आकसवतात, ते चालू असतील तर सांगा. आतड्याचं किंवा वजन कमी करण्याचं ऑपरेशन, यकृताचा आजार असेल तर अ जीवनसत्त्व खरंच कमी पडू शकतं. एरवी मनाने अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका, ते शरीरात साठतं आणि यकृताला बाधतं. गाजरं खा, चांगलीच असतात, पण त्यांनी दंडपेशी उगवत नाहीत.

---

आकाशवारी

आमच्या गोटातला एक उपयोग. वांगणीला दुर्बिणी घेऊन जाणाऱ्या हौशी मंडळींना कडेची नजर हे हत्यार म्हणूनच शिकवतात. अंधुक तेजोमेघ थेट पाहिला की गायब होतो, कारण नजरेच्या मध्यात दंडपेशी नाहीत. ८ ते १६ अंश बाजूला पाहायचं. उजवा डोळा दुर्बिणीला असेल तर वस्तूच्या किंचित उजवीकडे पाहा म्हणजे ती नाकाच्या बाजूला येते. उलट केलंत तर १५ अंशांवरच्या अंधबिंदूत जाऊन पडते.

वयाचा हिशोब दुर्बिणीतही करावा लागतो. ७×५० (सातपट मोठं दाखवणारी, ५० मि.मी. भिंगाची) दुर्बिणीतून बाहेर पडणारी प्रकाशशलाका ५० ÷ ७ = ७.१ मि.मी. रुंद. बाहुली ५ मि.मी.ची असेल तर कडेचा उजेड बुबुळावर आपटून वाया, आणि तुमची ५० ची दुर्बीण प्रत्यक्षात ३५ ची होते. उजेड निम्मा. साठीपुढच्यांनी १०×५० किंवा ८×४२ घ्यावी. १०×५० मध्ये हात थरथरतो, ट्रायपॉड लागतो.

---

फिजिओताई

रात्री बाथरूमला उठणाऱ्यांसाठी यातलंच घ्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत गुडघ्याखाली अर्ध्या ते एक वॅटचे पिवळसर-केशरी दिवे, पडल्या पडल्या डोळ्यात येणार नाहीत असे आडोशाने. बाथरूमची पांढरी ट्यूब रात्री लावू नका. जाताना नीट जातात, येताना पडतात, कारण ट्यूबने डोळ्याचा सराव धुऊन काढलेला असतो. पांढऱ्या टाइल्सवर पांढरं कमोड आणि पांढरा टब म्हणजे कडच नाही. सीटचं झाकण गडद रंगाचं घ्या, उंबऱ्यावर पट्टी मारा.

रस्त्यावर टॉर्च. कपाळावरचा दिवा डोळ्याजवळ असतो, सावल्या खड्ड्यामागे लपतात आणि उखडलेला पेव्हर ब्लॉक सपाट दिसतो. टॉर्च कमरेखाली धरा. तिरप्या उजेडात पावणे इंचाचा उंचवटाही सावली टाकतो.

आणि लक्षाचं, ज्याचा धागाकर्त्यांनी सुरुवातीला नुसता उल्लेख केला होता: पडद्यावर पोचलेलं सगळं मेंदू वापरतोच असं नाही. बोलताना, फोनवर असताना उपयोगी पडणारं क्षेत्र आकसतं, आणि वयाबरोबर हे आकसणं वाढतं. जिना उतरताना फोन खिशात.

---

उजेडमाप

रस्त्यांबद्दल थोडं. रस्त्यावरच्या दिव्यांसाठीच्या आयएस १९४४ या भारतीय मानकात मुख्य रस्त्याला ३० लक्स, दुय्यम मुख्य रस्त्याला १५, वस्तीतल्या वर्दळीच्या रस्त्याला ८ आणि आतल्या गल्लीला ४ असे वर्ग आहेत. सरासरीपेक्षा समानता महत्त्वाची. गायमुखच्या घाटाकडे जाताना झगझगीत पट्ट्यातून एकदम काळोखात गाडी शिरते. तरुण डोळा काही सेकंदांत कामापुरता सावरतो, सत्तरीतला नाही. अशा जागी वेग आधी कमी करा, अंधारात शिरल्यावर नाही. पावसात रस्ता आरसा होतो, समोरचे दिवे खालूनही डोळ्यात येतात; नजर समोरच्या दिव्यावर न ठेवता डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर ठेवा. दिवा नजरेपासून जितके अंश दूर, तितक्या वर्गाने तो धूसर पडदा पातळ. १० चे २० अंश केलेत तर पाव.

---

सेक्टर_सतरा

सगळ्यांचे आभार. १८ वॅटचा ठराव मागे घेतोय. शेवटचं विचारतो: मेंबरांचं म्हणणं पिवळ्या पट्ट्या मळल्या की पुन्हा करड्या दिसतील.

---

उजेडमाप

दिसतीलच. वाळू भुरभुरलेल्या पट्टीत मळ पटकन धरतो. झाडूवाल्याला ओला पोछा नुसता फिरवू देऊ नका. पंधरवड्यातून एकदा नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी, फक्त पट्टीवर. ७५ टक्के परावर्तनाची पट्टी मळून ४५ वर आली तरी कोट्याच्या २५ पुढे कॉन्ट्रास्ट २९ टक्के राहतो, चालेल. ३५ वर आली की १७, तेव्हा वरून नवा एक हात मारा. कृष्णधवल फोटो पहिल्या दिवशीचा जपून ठेवा, त्याच जागेवरून त्याच दिव्यात दर सहा महिन्यांनी नवा काढून शेजारी ठेवून बघा.